कार्बॉक्सी थेरपी पहिल्यांदाच घेताय? चौकशीपासून शेवटच्या सिटिंगपर्यंत

त्वचेखाली बारीक सुईने कार्बन डायऑक्साइड वायू सोडण्याच्या उपचाराला कार्बॉक्सी थेरपी म्हणतात. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, बाळंतपणानंतर पोटावर राहिलेले व्रण (स्ट्रेच मार्क्स), मांड्यांवरची खडबडीत त्वचा, गळणारे केस, मानेचं आणि पाठीचं दुखणं अशा अनेक तक्रारींवर तो सुचवला जातो. मुंबई-पुण्यातल्या स्किन क्लिनिकांमध्ये त्याची चौकशी करणारे पुष्कळ येतात.

मी त्वचारोगतज्ज्ञांच्या हाताखाली परिचारिका म्हणून काम करते. लोकांचे खरे प्रश्न मला ऐकू येतात ते बहुधा उशिरा: पैसे भरून झालेले असतात, माणूस खुर्चीवर आडवा झालेला असतो आणि मग हळूच विचारतो, "सिस्टर, हा गॅस अंगात राहत नाही ना?" हा प्रश्न पैसे भरण्याआधी विचारला जायला हवा, आणि त्याचं नीट उत्तरही मिळायला हवं. म्हणून हा लेख. यातलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेणारं नाही. तपासणीला जाताना काय विचारायचं, काय बघायचं आणि कुठे थांबायचं, एवढं यात आहे.

आधी नाव नीट समजून घ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे जरा वेळ घालवू. फोनवर "कार्बनची ट्रीटमेंट आहे का?" असं विचारलंत, तर समोरून "आहे" असंच उत्तर येईल, पण ती चार वेगवेगळ्या गोष्टींपैकी कोणतीही असू शकते.

सीओटू लेसर म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या साहाय्याने तयार केलेला लेसर किरण. तो त्वचेचा वरचा थर जाळतो, मुरुमांच्या खड्ड्यांसाठी वापरतात, नंतर चार-सहा दिवस खपल्या धरतात आणि उन्हापासून फार जपावं लागतं. त्यात वायू शरीरात जात नाही. कार्बन फेशियल किंवा कार्बन पील म्हणजे चेहऱ्यावर काळा लेप लावून त्यावर लेसर मारणं. तिथेही वायू नाही. तिसरा प्रकार जेलचा: दोन पदार्थ एकत्र आले की चेहऱ्यावरच बुडबुडे येतात आणि त्वचेवर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ब्युटी पार्लरमध्ये "बिनसुईची कार्बॉक्सी" म्हणून हाच मिळतो. चौथी, म्हणजे या लेखातली कार्बॉक्सी थेरपी, सुईची आहे. वायूचा सिलिंडर, प्रवाह मोजणारं यंत्र, नळी आणि सुई, यांशिवाय ती होत नाही.

चौकशी करताना थेट विचारा: "सुईने गॅस सोडणार आहात का, आणि सुई कोण टोचणार?"

वायू आत जाऊन करतो काय

कार्बन डायऑक्साइड आपल्याला परका नाही. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचं शरीर दर मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार करतं आणि श्वासावाटे बाहेर टाकतं. डोळ्यांखाली सोडतात तो जेमतेम काही मिलिलिटर. हा वायू रक्तात प्राणवायूच्या वीसेक पट सहज विरघळतो, म्हणून तो साठून राहत नाही. रक्तात मिसळतो, फुप्फुसांत जातो, उच्छ्वासातून निघून जातो. घरात कुणाचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीने झालं असेल, तर त्यांच्या पोटात हाच वायू भरला होता, तोही काही लिटर. तिथे साधी हवा न भरता हा वायू भरतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे. हवेतला नायट्रोजन रक्तात सहज विरघळत नाही आणि त्याचा बुडबुडा रक्तवाहिनीत अडकला तर जिवावर बेतू शकतं.

आता परिणाम. काम करणाऱ्या स्नायूत कार्बन डायऑक्साइड वाढतो, रक्ताची आम्लता किंचित वाढते आणि हिमोग्लोबिन आपल्याकडचा प्राणवायू तिथे सोडून देतं. डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ख्रिस्तियान बोर यांनी १९०४ साली हे दाखवलं, म्हणून त्याला बोर परिणाम म्हणतात. (अणुरचनेचे नील्स बोर ते यांचे चिरंजीव.) त्वचेखाली बाहेरून हा वायू सोडला की त्या जागेला रक्त कमी पडतंय असा शरीराचा समज होतो. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल आणि ऊबदार होते. वायूच्या दाबाने ऊती थोड्या ताणल्याही जातात, आणि त्या दुरुस्त होताना नवं कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) तयार होतं असं हा उपचार करणारे मानतात.

रक्तवाहिन्या रुंदावतात हे डोळ्यांना दिसतं. त्यातून महिनोन्‌महिने टिकणारा फायदा होतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तक्रारीगणिक बदलतं.

या उपचाराचा उगम सौंदर्याशी संबंधित नव्हता. फ्रान्समध्ये क्लेर्मों-फेराँ शहराला लागून रॉया नावाचं गाव आहे. जुन्या ज्वालामुखींचा तो प्रदेश, गरम झरे आणि त्यांच्याबरोबर जमिनीतून येणारा कार्बन डायऑक्साइड. तिथल्या आरोग्यस्नानगृहात १९३२ च्या सुमारास पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या, थोडं चाललं तरी पोटऱ्यांत गोळे येणाऱ्या रुग्णांना हा वायू त्वचेखाली द्यायला सुरुवात झाली. चेक प्रजासत्ताकात कार्लोवी वारी आणि मारियान्स्के लाझ्ने या आरोग्यस्नानाच्या गावांत आजही पाठदुखी-सांधेदुखीसाठी वायूची इंजेक्शनं देतात. चेहऱ्यावर आणि पोटावर ती खूप नंतर आली.

तुमच्या तक्रारीला हा उपचार लागू आहे का

*काळी वर्तुळं.* नवखे लोक सगळ्यात जास्त यासाठीच येतात, आणि निराशाही इथेच जास्त होते, कारण सगळी काळी वर्तुळं एका जातीची नसतात. घरी आरसा घेऊन खिडकीसमोर उभं राहा. डोळ्याखालची त्वचा बोटाने हलकेच खाली-बाजूला ताणा. रंग तपकिरी असेल आणि ताणल्यावरही तसाच राहिला, तर बहुधा ते त्वचेतलं रंगद्रव्य आहे. निळसर-जांभळी झाक असेल आणि ताणल्यावर ती आणखी उठून दिसली, तर पातळ त्वचेतून खालच्या रक्तवाहिन्या दिसताहेत. चेहऱ्यावर समोरून उजेड पडताच काळेपणा जवळपास नाहीसा झाला, तर ती खोलगट भागाची सावली आहे.

कार्बॉक्सीचा फायदा झालाच तर मधल्या प्रकारात, निळसर वर्तुळांमध्ये, होण्याची शक्यता जास्त. तपकिरी रंगद्रव्यावर हा वायू थेट काही करत नाही, आणि आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत तोच प्रकार भरपूर आढळतो, बऱ्याचदा आई-मावशीकडून आलेला. सावलीवर तर वायूचा काही उपयोग नाही. पुष्कळांत दोन-तीन प्रकार एकत्र असतात, ते त्वचारोगतज्ज्ञ भिंगातून किंवा विशिष्ट दिव्याखाली बघून सांगतात.

सुईआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असलं की चेहरा फिका पडतो आणि वर्तुळं जास्त गडद दिसतात. धुळीच्या ॲलर्जीने सारखे डोळे चोळण्याची सवय असेल, तर आधी तिच्यावर इलाज करा. चोळणं चालू ठेवून घेतलेला कोणताही उपचार वाया जातो.

*पोटावरचे, मांड्यांवरचे व्रण.* लालसर-जांभळे म्हणजे ताजे व्रण उपचाराला बऱ्यापैकी दाद देतात. पांढरे पडलेले जुने व्रण फार थोडी. कार्बॉक्सीने ते पुसले जात नाहीत. त्वचेचा पोत थोडा सुधारला तर तेच यश समजा. केस गळणं, जुन्या जखमा यांवरही अभ्यास झालेले आहेत, इजिप्तमधून तर बरेच, पण त्यांतले बहुतेक लहान आहेत. केसांसाठी ज्या औषधांचा आधार पक्का आहे ती सोडून आधी गॅसकडे वळू नका.

*चरबी.* "पोट कमी करणारा गॅस" अशी जाहिरात दिसली तर ही चाचणी आठवा. इटलीतल्या सिएना इथल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये ४८ स्त्रियांवर हा उपचार करून पोट, मांड्या आणि गुडघ्यांचा घेर कमी झाल्याचं मांडलं होतं, आणि त्यानंतर या उपयोगाचा खूप बोलबाला झाला. मग अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डॉक्टरांनी जास्त कडक पद्धत वापरली. १६ जणांच्या पोटाच्या एका बाजूला खरा वायू दिला, दुसऱ्या बाजूला फक्त उपचाराचा देखावा केला, आठवड्याला एकदा, पाच आठवडे. सोनोग्राफीत वायूच्या बाजूची चरबी पाचव्या आठवड्यात किंचित कमी दिसली. २८ व्या आठवड्यात पाहिलं तर फरक राहिला नव्हता. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं. माझं मत स्पष्ट आहे: चरबीसाठी यावर पैसे घालवू नका.

*दुखणं.* मान, पाठ, खांदा जखडलेल्या लोकांना सिटिंगनंतर ऊब आणि मोकळेपणा वाटतो, हे मी पाहिलं आहे. पण ऊब वाटणं आणि दुखणं बरं होणं यांत अंतर आहे. जर्मनीत मानेच्या ताज्या दुखण्यावर केलेली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. तिच्यात वायू घेतलेल्यांना, उपचाराचा नुसता देखावा केलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही. चेक आरोग्यस्नानगृहांत ही इंजेक्शनं व्यायाम, चिखलाचे शेक आणि स्नानं यांच्या जोडीने देतात, त्यामुळे आराम नेमका कशाने पडला हे वेगळं काढता येत नाही. आपल्याकडे मात्र जोडीचं सगळं वगळून नुसती सुई विकली जाते, याचं मला वाईट वाटतं. पाठीसाठी हा उपचार घ्यायचाच असेल तर फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम चालू ठेवूनच घ्या.

दुखण्याच्या बाबतीत एक गोष्ट कधीही टाळू नका. पाठदुखीबरोबर पायातली ताकद कमी होत असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, दोन मांड्यांमधला भाग बधिर झाला असेल, ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर कोणत्याही क्लिनिकच्या दारात न थांबता हॉस्पिटल गाठा.

कोणी घेऊ नये

गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांनी नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, हृदय कमजोर असेल, छातीत दुखत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, दमा किंवा फुप्फुसाचा आजार बळावलेला असेल, मूत्रपिंडं नीट काम करत नसतील, रक्त फार कमी असेल, फिट्स येत असतील, तर नाही. वायू शेवटी रक्तातून फुप्फुसांवाटेच बाहेर पडतो आणि या आजारांत ती वाटच कमकुवत असते किंवा शरीराला जास्तीचा भार पेलत नाही. जिथे सुई टोचायची तिथे पुरळ, पू, सूज किंवा शिरेचा दाह असेल तर तो बरा होईपर्यंत थांबा.

औषधांची यादी लिहून न्या, आठवणीवर सोडू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्त काळंनिळं पडतं. ती गोळी मात्र मनाने बंद करू नका, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांनाच विचारा. दुसरं औषध ॲसिटाझोलामाइड, बहुतेकांना डायमॉक्स या नावाने माहीत असलेलं. काचबिंदूसाठी देतात, आणि लेह-लडाखला जाणारे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात. शरीर कार्बन डायऑक्साइडची विल्हेवाट ज्या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) लावतं, त्यालाच हे औषध रोखतं. लडाखची गोळी "औषध" म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून मुद्दाम सांगतेय: सहलीच्या आसपास सिटिंग ठेवू नका, आणि गोळी घेतली असेल तर सांगा.

जखम भरताना केलॉइड होण्याची, म्हणजे व्रण फुगून वाढण्याची प्रवृत्ती असेल, किंवा त्या जागी अलीकडे फिलर अथवा बोटॉक्स घेतलं असेल, तर तेही बोला. लाजून लपवण्यासारखं त्यात काही नाही.

डॉक्टर आणि जागा पारखणं

सुई टोचणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर असायला हवी, आणि चेहऱ्यासाठी शक्यतो त्वचारोगतज्ज्ञ. प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक छापलेला असावा लागतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून तो पडताळता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. ब्युटीशियनचा कोर्स केलेल्या व्यक्तीने त्वचेखाली सुई टोचणं चुकीचं आहे, हात कितीही हलका असो.

मग खोलीत नजर टाका. सिलिंडर वैद्यकीय वायूचा हवा. कार्बन डायऑक्साइडच्या वैद्यकीय सिलिंडरचा रंग करडा असतो आणि त्यावर भारतीय औषधसंहितेनुसार असल्याची "आयपी" ही खूण असते. सोडा बनवण्याचा किंवा वेल्डिंगचा वायू निर्जंतुक नसतो आणि त्यात इतर अशुद्धी असू शकतात. ऑनलाइन मिळणारी घरगुती यंत्रं आणि छोटी डबी मागवून स्वतःच टोचून घेण्याचे व्हिडिओ फिरतात. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.

यंत्रापासून सुईपर्यंतच्या नळीत एक जंतुरोधक फिल्टर असतो. फिल्टर, नळी आणि सुई, तिन्ही तुमच्यासमोर बंद पाकिटातून निघाली पाहिजेत. "पाकीट माझ्यासमोर फोडा" असं म्हणण्यात अपमान कुणाचाच नाही, आम्हा सिस्टर लोकांना तर ते ऐकून बरंच वाटतं. सिटिंग संपल्यावर सुई कुठे जाते तेही बघा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ती पांढऱ्या अर्धपारदर्शक, न फुटणाऱ्या डब्यात जायला हवी, नळी लाल पिशवीत. जिथे हा डबा दिसत नाही तिथे बाकीच्या स्वच्छतेबद्दलही शंका घ्या.

पॅकेजबद्दल. "दहा सिटिंगचे आज भरलेत तर इतके टक्के सूट" असं सांगितलं जातं. एकरकमी भरू नका. पहिल्या तीन सिटिंग एकेक करून भरा, प्रत्येकाची पावती घ्या. सवलत गेली तरी चालेल. उपयोग होत नाही असं वाटल्यावर बाहेर पडण्याची मोकळीक सवलतीपेक्षा जास्त मोलाची आहे, कारण भरलेल्या पैशांच्या ओढीने लोक नको असलेल्या सुया घेत राहतात.

पहिल्या सिटिंगआधीची तयारी

फोटो काढा. त्याच खिडकीसमोर, त्याच वेळी, मेकअप नाही, केस मागे बांधलेले, फ्लॅश बंद, चेहऱ्यावर भाव नाही. नंतरचे फोटोही अगदी असेच. क्लिनिकमध्ये "आधी-नंतर"चे फोटो दाखवतात, त्यांत नंतरच्या फोटोत उजेड समोरून असेल तर वर्तुळं आपोआप फिकी दिसतात, म्हणून तुमचे स्वतःचे हवेत.

दुखण्यासाठी वही करा. शून्य ते दहा या मापावर रोज रात्री एक आकडा, आणि त्याच्या शेजारी एक ठोस गोष्ट: किती वेळ सलग बसता आलं, किती जिने चढलो, बादली उचलली का, रात्री कुशीवर वळताना जाग आली का. "बरं वाटतंय" हे मन लगेच म्हणतं. वहीतला आकडा तितका पटकन बदलत नाही.

सिटिंगच्या दिवशी उपाशी जाऊ नका, सुईच्या भीतीने आणि रिकाम्या पोटी चक्कर येते. सैल कपडे घाला. लग्न, मुलाखत, फोटोचा कार्यक्रम असेल तर त्याआधी किमान आठवडाभर डोळ्यांची सिटिंग ठेवू नका. काळंनिळं पडलं तर ओसरायला तेवढे दिवस लागतात.

संमतिपत्र इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा आणि समजल्यावरच सही करा.

खुर्चीवर

जागा जंतुनाशकाने पुसतात. सुन्न करणारं क्रीम हवं असेल तर ते आधी लावून ठेवावं लागतं, वेळेवर मागून उपयोग नाही. सुई तीस नंबरची, केसासारखी बारीक, साधारण अर्धा इंच लांब. टोचण्याआधी डॉक्टर नळीतून थोडा वायू बाहेर सोडतात. तो क्षण बघून ठेवा, कारण नळीत असलेली हवा त्यानेच निघून जाते. त्या हवेतला नायट्रोजन आत जायला नको.

सुई टोचलेली फारशी कळत नाही. कळतो तो वायू. आधी ताण, मग आगआग, मग ऊब. वायू ओलाव्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होतं, त्याची ती आगआग. काही यंत्रं वायू कोमट करून सोडतात, त्याने त्रास कमी होतो. प्रवाहाचा वेग डॉक्टर यंत्रावर ठरवतात, चेहऱ्याला अगदी मंद, पोट-पाठीला जास्त. सहन होत नसेल तर लगेच बोला, वेग कमी करता येतो. दात आवळून सोसू नका.

डोळ्यांखाली वायू जाताच पापणी फुगते, क्वचित डोळा अर्धा झाकतो. घाबरायला होतं, पण बहुतेकांत ही फूग काही मिनिटांपासून तासाभरात उतरते. डॉक्टर बोटाने हाडाची कड दाबून धरतात, म्हणजे वायू डोळ्याच्या खोबणीकडे सरकत नाही. त्या वेळी बोलू नका, मान हलवू नका. पाठीला किंवा पोटाला हात लावून पाहिलात तर त्वचेखाली चुरचुर लागते, चुरमुऱ्यांच्या पिशवीवर बोट दाबावं तशी. तो वायूच आहे. थोड्या वेळात तोही विरतो. डोळ्यांचं काम पाच-दहा मिनिटांत उरकतं, पाठीला किंवा पोटाला पंधरा-वीस.

सिटिंग चालू असताना छातीत दडपण आलं, श्वास लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा नीट दिसेनासं झालं, तर त्या क्षणी सांगा. हात वर करण्याची खूण आधीच ठरवून ठेवा. संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसा, लगेच गाडी चालवत निघू नका.

घरी गेल्यावर

त्या दिवशी टोचलेली जागा चोळू नका, मसाज नको, मेकअप नको. गरम पाण्याची लांबलचक आंघोळ, वाफ, जिम आणि पोहणं एक दिवस टाळा. सौम्य लाली, हलकी सूज, थोडं काळंनिळं, दाबल्यावर ठणका, हे दोन-चार दिवस चालतं. दुखलंच तर पॅरासिटामॉल पुरते.

लाली वाढत गेली, जागा तापली, पू धरला किंवा ताप आला तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. टोचलेल्या जागी काही आठवड्यांनी टणक गाठ आली आणि ती बरी होत नसेल तरीही दाखवा. अस्वच्छ सुयांमुळे होणारे काही जंतुसंसर्ग असे उशिराच उमटतात. आणि धाप, छातीत दुखणं, शरीराच्या एका बाजूला अशक्तपणा, दृष्टीत बदल, यांसाठी फोनची वाट न बघता सरळ हॉस्पिटलमध्ये जा.

किती सिटिंग, आणि कधी थांबायचं

साधारण आठवड्याला एक, काही जागांसाठी पंधरा दिवसांनी एक, अशा चार ते आठ सिटिंग सुचवल्या जातात. तिसरी झाली की थांबा आणि फोटो शेजारी शेजारी ठेवा. तुम्ही स्वतः बघू नका, घरातल्या अशा कुणाला तरी दाखवा ज्यांना कोणता फोटो आधीचा आणि कोणता नंतरचा हे माहीत नाही. त्यांना फरक ओळखता आला तर पुढची सिटिंग घ्या. दोन फोटो त्यांनी उलटसुलट सांगितले, तर चौथीचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांशी पुन्हा बोला: निदान बरोबर आहे का, वर्तुळं खरंच रक्तवाहिन्यांची आहेत का, दुसरा कोणता उपचार जास्त योग्य ठरेल.

पाठीच्या वहीतही तेच करा. सुरुवातीच्या आठवड्याचे सात आकडे आणि तिसऱ्या सिटिंगनंतरच्या आठवड्याचे सात आकडे समोरासमोर मांडा. सिटिंगनंतरचा एखादा दिवस सोडून बाकी सहा दिवस पूर्वीसारखेच असतील, तर वायूने तात्पुरती ऊब दिली, बस. ते पैसे फिजिओथेरपीकडे वळवा.

फरक पडलाच, तर तो टिकवायला काही महिन्यांनी पुन्हा सिटिंग लागेल असं सांगितलं जाईल. तेव्हा वर्षाचा एकूण खर्च कागदावर मांडून मगच होकार द्या. आणि उपचार संपला तरी कागद जपून ठेवा: कोणत्या तारखेला, कोणत्या जागी, किती मिलिलिटर, कुणी दिलं. क्लिनिकने हे लिहून द्यायला हवं, नाही दिलं तर मागून घ्या. पुढे कधी दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे गेलात, तर त्यांना पहिल्यांदा हाच कागद लागेल.